तालुक्यातील जिल्हा परिषद शाळांसाठी गुणवत्तावाढीचा आराखडा कसा करावा

महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा कामाला लागल्या आणि ग्रामीण भागातील प्राथमिक शिक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. शिक्षण समिती, शिक्षणाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, शिक्षण विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि मुख्याध्यापक अशी साखळी पुढे तयार झाली, आणि आज या साखळीच्या प्रत्येक कडीवर कोणता ना कोणता आराखडा तयार होतच असतो. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २२ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समिती शाळा विकास आराखडा करते, समग्र शिक्षा अभियान या केंद्र पुरस्कृत शालेय योजनेसाठी दरवर्षी कार्ययोजना व अंदाजपत्रक जाते, जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे डाएट, आपला वार्षिक आराखडा करते, आणि निपुण भारत अभियानाची उद्दिष्टे वेगळी येतात. यांतील बहुतेक कागद निधी मागण्यासाठी किंवा वरिष्ठ कार्यालयाला कळवण्यासाठी लिहिले जातात. ते आवश्यक आहेतच. परंतु तिसरीतील अमुक मुलाला सहा आठवड्यांपूर्वी जे वाचता येत नव्हते ते आज येते का, या प्रश्नाचे उत्तर त्यांत सापडत नाही.

पुढील मांडणी या दुसऱ्या प्रकारच्या, शिकण्याच्या आराखड्याविषयी आहे. ती गटशिक्षणाधिकारी, विस्तार अधिकारी, केंद्रप्रमुख आणि शिक्षण समितीचे सदस्य यांना समोर ठेवून केली आहे. मुख्याध्यापकांनाही ती उपयोगी पडावी. तिच्या मुळाशी एकच विचार आहे. असा आराखडा चांगला आहे की नाही, हे त्याच्या पानांवरून किंवा त्यातील उद्दिष्टांच्या उंचीवरून ठरत नाही. वर्षभरात तो कोणत्या पुराव्यावरून, किती वेळा आणि कोणत्या दिशेने बदलला यावरून ठरते. जूनमध्ये लिहिलेला आराखडा एप्रिलमध्ये शब्दशः तसाच असेल, तर वर्गात काय घडले याची दखल त्याने घेतली नाही, असेच म्हणावे लागेल.

कोणी बसावे आणि कोणत्या पातळीवर

आराखडा तालुक्याचा असला तरी त्याचा पाया केंद्र, म्हणजे जवळपासच्या शाळांचा गट, असावा. जिल्हा फार मोठा असतो. त्याच्या सरासरीत पाड्यावरची एकशिक्षकी शाळा दिसेनाशी होते. एकटी शाळा अनेकदा फार लहान असते. तिसरीत सहाच मुले असतील, तर एका मुलाच्या गैरहजेरीने टक्केवारी उलटीपालटी होते. केंद्रात साधारण दहा ते पंधरा शाळा येतात, शिक्षक एकमेकांना ओळखतात, आणि दरमहा होणाऱ्या केंद्राच्या बैठकीच्या, म्हणजे शिक्षण परिषदेच्या, निमित्ताने ते एकत्र येतात. सुधारणेची चर्चा माणसे समोरासमोर बसून करू शकतील अशी ही सर्वांत सोयीची जागा आहे. राज्यातील अनेक केंद्रप्रमुखांची पदे रिक्त असून कार्यभार प्रभारींकडे आहे, हे खरे. तसे असेल तेथे विस्तार अधिकाऱ्याने ते केंद्र स्वतःकडे घ्यावे, पण पातळी बदलू नये.

तालुक्यात सात-आठ जणांचा एक गाभा गट असावा. त्यात गटशिक्षणाधिकारी, एक विस्तार अधिकारी, डाएटचे संपर्क अधिव्याख्याता, गट साधन केंद्राचे विषयतज्ज्ञ आणि दोन केंद्रप्रमुख असतीलच. त्यांच्या जोडीला पहिली-दुसरीला शिकवणारे दोन शिक्षक अवश्य घ्यावेत, आणि त्यांतला एक द्विशिक्षकी शाळेतला असावा. चार इयत्ता दोन शिक्षकांत वाटून घेणाऱ्या माणसाला जे ठाऊक असते, ते कार्यालयातून दिसत नाही. अंगणवाडीच्या पर्यवेक्षिकेलाही निदान वर्षातून दोनदा बोलवावे, कारण पहिलीत येणाऱ्या मुलाची तयारी तिच्या क्षेत्रात होते आणि तो विभाग आपल्या विभागाशी क्वचितच बोलतो.

हाती असलेली माहिती काय सांगते

माहितीचा तुटवडा नाही. कोणती माहिती कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते याचा विवेक मात्र हवा. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण १२ नोव्हेंबर २०२१ रोजी तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीसाठी झाले, आणि ४ डिसेंबर २०२४ रोजी परख राष्ट्रीय सर्वेक्षण तिसरी, सहावी आणि नववीसाठी झाले. दोन्ही नमुना सर्वेक्षणे आहेत. त्यांतून जिल्ह्याचे चित्र मिळते. एखाद्या शाळेचे किंवा केंद्राचे मूल्यमापन त्यांवरून करणे चुकीचे आहे. शिवाय दोन्हींच्या इयत्ता वेगळ्या असल्याने पाचवीच्या निकालाशी सहावीचा निकाल ताडून ‘वाढ’ किंवा ‘घट’ जाहीर करण्याचा मोह टाळावा. प्रथम संस्थेचे असर सर्वेक्षण २००५ पासून ग्रामीण भागात घरोघरी जाऊन होते. त्यात खासगी शाळांत जाणारी आणि शाळेत न जाणारी मुलेही येतात, म्हणून तो केवळ जिल्हा परिषद शाळांचा निकाल नव्हे. यूडायस प्लस या शाळांच्या माहितीच्या ऑनलाइन प्रणालीवर ३० सप्टेंबरची स्थिती नोंदली जाते. पट, शिक्षक, वर्गखोल्या आणि शौचालये यांसाठी ती उत्तम आहे, परंतु मूल काय शिकले याविषयी तिच्यातून काही कळत नाही.

मुलागणिक माहिती मिळते ती राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेच्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीतून, ज्याला शाळांमध्ये सर्रास ‘पॅट’ म्हणतात. जागतिक बँकेच्या साहाय्याच्या स्टार्स प्रकल्पांतर्गत २०२३-२४ पासून पायाभूत चाचणी, संकलित एक आणि संकलित दोन अशा तीन टप्प्यांत प्रथम भाषा, गणित आणि इंग्रजी या विषयांची ती होऊ लागली. तिचा उपयोग एकूण गुणांसाठी कमी आणि प्रश्ननिहाय विश्लेषणासाठी अधिक करावा. एखाद्या केंद्रात हातच्याची वजाबाकी बहुतेक सर्व शाळांत चुकली असेल आणि बेरीज सर्वत्र बरोबर आली असेल, तर ती केंद्राला मिळालेली नेमकी खूण आहे. सरासरी ५८ टक्के ही खूण नाही.

लेखी चाचणीची एक मर्यादा मात्र लक्षात ठेवलीच पाहिजे. ज्याला वाचता येत नाही, त्या मुलाविषयी लेखी प्रश्नपत्रिका फार थोडे सांगते. म्हणून दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाची जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तोंडी पडताळणी करावी. मुलाला बाजूला बसवून अक्षरे, साधे शब्द, एक छोटा परिच्छेद आणि एक गोष्ट वाचायला द्यावी, गोष्टीवर दोन प्रश्न विचारावेत, आणि गणितात अंक ओळख, दोन अंकी संख्या, हातच्याची वजाबाकी व साधा भागाकार पाहावा. एका मुलाला पाच ते सात मिनिटे लागतात. वर्गशिक्षकाने ही पडताळणी केल्यानंतर शेजारच्या शाळेतील शिक्षकाने दर दहा मुलांमागे एका मुलाची, चिठ्ठी टाकून निवडलेल्या मुलाची, पुन्हा पडताळणी करावी. दोन नोंदींत मोठा फरक आला, तर वर्गशिक्षकाकडे खुलासा मागू नये. दोघांनी मिळून ‘परिच्छेद वाचता येतो’ म्हणजे नेमके काय, यावर एकमत करावे. पहिल्या वर्षी मतभेद बरेच निघतात आणि त्यांतून शिक्षकांचीच दृष्टी तयार होते.

सरासरी फोडून पाहणे

आता एक काल्पनिक उदाहरण घेऊ आणि ते शेवटपर्यंत नेऊ. समजा, बारा शाळांच्या एका केंद्रात तिसरीत १६० मुले आहेत. ऑगस्टच्या पडताळणीत १८ मुले अक्षरस्तरावर, ४६ शब्दस्तरावर, ५२ परिच्छेदस्तरावर आणि ४४ गोष्टस्तरावर आढळली. म्हणजे ६४ मुले, शेकडा ४०, परिच्छेदाच्या खाली आहेत. बहुतेक आराखडे येथे थांबतात आणि ‘वाचन सुधार कार्यक्रम राबविणे’ असे वाक्य लिहून पुढे जातात. खरे काम येथून सुरू होते.

या ६४ मुलांची नावे शाळानिहाय लिहून काढल्यावर असे दिसते की, ४१ मुले चारच शाळांत आहेत आणि उरलेली २३ आठ शाळांत विखुरलेली आहेत. त्या चार शाळांपैकी दोन शाळा वस्तीवर असून तेथे मुले घरी कोरकू बोलतात. पाठ्यपुस्तकाची मराठी त्यांच्यासाठी जवळजवळ नवी भाषा आहे. उरलेल्या दोन शाळांत मागील वर्षभर एक पद रिक्त होते आणि पहिली ते चौथी एकाच शिक्षकाकडे होती. विखुरलेल्या २३ मुलांची हजेरी काढली, तर त्यांतील बहुतेकांचे आई-वडील ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणारे निघतात. दिवाळीनंतर ती मुले वर्गात नसतात.

एकाच आकड्यामागे अशी तीन वेगळी कारणे निघाली. तिन्हींना एकच उपाय लागू केला, तर फार तर एका गटाला त्याचा उपयोग होईल. कारणांचा शोध घेताना ‘पालक अशिक्षित आहेत’, ‘मुले अभ्यास करत नाहीत’ अशी विधाने लगेच समोर येतात. ती बाजूला ठेवण्याचा आग्रह गटप्रमुखाने धरावा, कारण त्यांतून शाळेला करता येण्यासारखी एकही कृती निघत नाही. प्रत्येक कारणापुढे ते कोणाच्या हाती आहे, हे लिहावे. रिक्त पद मुख्याध्यापकाच्या हाती नाही. ते गटशिक्षणाधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांच्या रकान्यात जाईल आणि त्याची विचारणाही त्यांच्याकडेच होईल. ही विभागणी प्रामाणिक असेल तरच शिक्षक आराखड्यावर विश्वास ठेवतात. वरच्या पातळीच्या जबाबदाऱ्या आराखड्यात लिहिल्याच गेल्या नाहीत, तर सगळा भार वर्गावर येतो आणि ते शिक्षकाला कळते.

उद्दिष्ट लिहिण्याची रीत

एका वर्षात दोन, फार तर तीन उद्दिष्टे पुरेत. दहा उद्दिष्टांचा आराखडा कोणालाही तोंडपाठ राहत नाही, आणि जो तोंडपाठ नाही तो वर्गात पोहोचत नाही. उद्दिष्टात कोण, आज कोठे आहे, कोठे जायचे आहे, कधीपर्यंत आणि कशावरून ठरवणार, या पाच गोष्टी असाव्यात. आपल्या उदाहरणातील उद्दिष्ट असे लिहिता येईल: परिच्छेदाच्या खाली असलेल्या तिसरीच्या ६४ मुलांपैकी किमान ४५ मुले फेब्रुवारीअखेर अनोळखी परिच्छेद समजून वाचतील, आणि अक्षरस्तरावरील १८ मुलांपैकी एकही मूल त्या स्तरावर उरणार नाही, दोन्हींची खात्री शेजारच्या शाळेच्या शिक्षकाच्या पडताळणीवरून होईल.

या वाक्यातील दुसरा भाग सहज वगळला जातो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. केवळ ‘४५ मुले’ एवढेच ठरवले, तर शिक्षकाचे लक्ष साहजिकच उंबरठ्याजवळच्या मुलांकडे जाते, कारण थोड्या प्रयत्नांत ती पलीकडे जातात. सर्वांत मागे असलेले मूल पुन्हा मागेच राहते. अमेरिकेने हा अनुभव मोठ्या प्रमाणावर घेतला आहे. तेथे जानेवारी २००२ मध्ये लागू झालेल्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्याने २०१३-१४ पर्यंत सर्वच्या सर्व विद्यार्थी वाचन व गणितात प्रवीण व्हावेत असे लक्ष्य शाळा-जिल्ह्यांना घालून दिले आणि ते न गाठणाऱ्या शाळांवर टप्प्याटप्प्याने कारवाईची तरतूद केली. विद्यार्थ्यांच्या गटांची वेगवेगळी नोंद ठेवण्याची सक्ती ही त्याची चांगली बाजू होती, कारण सरासरीमागे दडलेली मुले त्यामुळे दिसू लागली. मात्र अशक्य लक्ष्य आणि शिक्षेची भीती यांमुळे चाचणीपुरते शिकवणे वाढले, लक्ष्य गाठता न आल्याने बहुतेक राज्यांना सवलती द्याव्या लागल्या, आणि डिसेंबर २०१५ मध्ये तो कायदा बदलून नवा आणावा लागला. आपल्याकडे २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा प्रत्येक मूल शिकू शकते ही त्यामागची भूमिका अत्यंत योग्य होती. पण अशा कोणत्याही कार्यक्रमात ‘शंभर टक्के’ घोषित करण्याची चढाओढ सुरू झाली की आकडे मुलांपासून सुटतात. म्हणून उद्दिष्ट आजच्या स्थितीपासून मोजावे, आणि ते शाळेने सुचवावे. तालुक्याने फक्त ते फार सोपे किंवा अशक्य नाही ना, हे पाहावे.

५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीअखेर पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान हे ध्येय ठेवले असून तिसरीसाठी मिनिटाला किमान ६० शब्द, अर्थ समजून वाचणे, असा टप्पा दिला आहे. शाळांच्या केंद्राने आपली उद्दिष्टांची वाक्ये त्या दिशेनेच लिहावीत, परंतु गतीपेक्षा समजेला अधिक वजन द्यावे. घड्याळ लावून भराभर वाचून घेतलेले मूल प्रश्नाला गप्प राहिले, तर ते वाचन मोजू नये.

कृती निवडताना

कृतींची यादी लांबवू नये. प्रत्येक कारणासाठी एक प्रमुख कृती निवडावी आणि ती किती वेळ, कोण, कोणत्या दिवसापासून करणार, हे स्पष्ट करावे. वेळेचा हिशेब आधी मांडावा, कारण बहुतेक उपक्रम वेळेअभावी मोडतात. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन अपेक्षित आहे. रोज ४५ मिनिटे स्तरनिहाय वाचनासाठी राखली आणि ती खरोखर १२० दिवस मिळाली, तर ९० तास होतात. या ९० तासांत शिक्षकाने इयत्तेची भिंत बाजूला ठेवून तिसरी-चौथीच्या मुलांचे वाचनस्तराप्रमाणे गट करावेत. अक्षरस्तराच्या गटाला स्वतः वेळ द्यावा आणि गोष्टस्तराच्या मुलांना पुस्तकपेटीतील पुस्तके देऊन जोडीने वाचू द्यावे. एकशिक्षकी शाळेत हे अवघड आहे, म्हणून त्या दोन शाळांसाठी मुख्य कृती वर्गातली असू नये. रिक्त पद भरेपर्यंत केंद्रातील कोणता शिक्षक आठवड्यातून किती दिवस तेथे जाईल, याचा गटशिक्षणाधिकाऱ्याने लेखी आदेश काढणे, ही तेथील मुख्य कृती होय.

कोरकूभाषक मुलांसाठी अधिक सराव हा उपाय नाही. तोंडी भाषेपासून सुरुवात करावी लागेल: मुलांनी आपल्या भाषेत सांगितलेली गोष्ट देवनागरीत लिहून ती वाचायला देणे, दोन्ही भाषांतील शब्दांचा वर्गकोश भिंतीवर वाढवत नेणे, आणि गावातील भाषा जाणणाऱ्या तरुणीची किंवा अंगणवाडी सेविकेची मदत घेणे. शिक्षकाला ती भाषा येत नसेल, तर पहिल्या तिमाहीत त्याने निदान रोजच्या व्यवहारातील वाक्ये शिकावीत, ही अपेक्षा आराखड्यात लिहिण्यात संकोच नसावा. मूल वर्गात बोलू लागल्याशिवाय वाचू लागत नाही.

स्थलांतर करणाऱ्या मुलांच्या बाबतीत सर्व काही वेळेवर अवलंबून आहे. गाळप हंगामासाठी कुटुंबे साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात, म्हणजे ‘फेब्रुवारीअखेर’ हे उद्दिष्ट त्यांना लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी जून ते ऑक्टोबर हेच शैक्षणिक वर्ष समजून सर्वाधिक वेळ तेव्हाच द्यावा. सप्टेंबरमध्येच पालकांशी बोलून कोणते मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहू शकते हे ठरवावे. आणि जे जाणारच आहे त्याच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड, त्याच्या स्तराची नोंद आणि दोन पुस्तके द्यावीत. कार्ड दिल्याची नोंद पुरेशी नाही. मूल ज्या गावी गेले तेथील शाळेत दाखल झाले का, हे केंद्रप्रमुखाने फोन करून विचारणे, हीसुद्धा लिहून ठेवण्यासारखी कृती आहे.

प्रशिक्षणाविषयी माझे मत स्पष्ट आहे. तालुक्याच्या सभागृहात दिवसभर चालणाऱ्या व्याख्यानांपेक्षा, एका शाळेत प्रत्यक्ष मुलांसमोर घेतलेला ४५ मिनिटांचा तास आणि त्यानंतर तेवढीच चर्चा, यांचा परिणाम वर्गात अधिक दिसतो. आराखड्यात प्रशिक्षणाचे दिवस मोजण्याऐवजी विषयतज्ज्ञाने कोणत्या शिक्षकाच्या वर्गात बसून काय पाहिले आणि पुढच्या भेटीत काय बदललेले आढळले, हे मोजावे. केंद्रप्रमुखाच्या भेटीचेही तसेच. ज्या भेटीत चार मुलांचे वाचन ऐकले नाही आणि केवळ अभिलेखे तपासले, ती भेट या आराखड्याच्या हिशेबात धरू नये.

निधीचा भाग थोडक्यात सांगता येतो. संयुक्त शाळा अनुदान पटाप्रमाणे मिळते: ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार रुपये, आणि त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. वीजबिल आणि किरकोळ दुरुस्ती यांतच ते बरेचसे संपते. म्हणून मुख्य कृती पैशांवाचून चालतील अशा ठेवाव्यात, आणि पुस्तकपेट्या, हंगामी वसतिगृह, भाषा साहाय्यक अशा खर्चाच्या बाबी वेळेत समग्र शिक्षेच्या कार्ययोजनेत, जिल्हा परिषदेच्या स्वनिधीत किंवा ग्रामपंचायत विकास आराखड्यात मागाव्यात. मागणीसोबत मुलांची संख्या आणि कारण जोडले, तर शिक्षण समितीतील सदस्यांनाही ती लावून धरता येते.

सहा आठवड्यांचे चक्र

नियोजन, कृती, तपासणी आणि त्यावरून बदल, हे चक्र वॉल्टर शूहार्ट आणि त्यांच्यानंतर एडवर्ड्स डेमिंग यांनी कारखान्यातील उत्पादनासाठी मांडले, आणि पुढे जगभरातील शाळा-व्यवस्थांनी ते स्वीकारले. शाळेत त्याचा कालावधी किती असावा हा खरा प्रश्न आहे. वर्षाअखेर तपासले तर त्या मुलांसाठी काही करण्याची वेळ गेलेली असते. दर आठवड्याला तपासले तर शिकवण्यापेक्षा मोजणेच वाढते. सहा आठवडे हे मला योग्य अंतर वाटते. ऑगस्टमधील पडताळणीनंतर सप्टेंबरच्या मध्यावर, दिवाळीच्या सुटीपूर्वी, डिसेंबरच्या सुरुवातीला, जानेवारीच्या मध्यावर आणि फेब्रुवारीअखेर अशा पाच तपासण्या होतात. दरवेळी सर्व मुलांची चाचणी घेण्याची गरज नाही. ज्या ६४ मुलांसाठी उद्दिष्ट आहे, तेवढ्यांचेच वाचन पुन्हा ऐकावे.

या तपासणीनंतरची शिक्षण परिषद नेहमीसारखी सूचना वाचून दाखवण्याची नसावी. परिपत्रके आधी पाठवून द्यावीत आणि निदान दीड तास तीन प्रश्नांसाठी ठेवावा: कोणती मुले पुढे गेली, कोणती जागच्या जागी राहिली, आणि पुढच्या सहा आठवड्यांत आपण काय वेगळे करणार. आपल्या केंद्रात समजा दिवाळीपूर्वी असे दिसले की रिक्त पदाच्या दोन्ही शाळांतील मुले बरीच पुढे गेली, परंतु वस्तीवरच्या शाळांत मुले शब्द वाचतात आणि परिच्छेदावर अडतात. शिक्षकांनी ऐकून पाहिले तेव्हा लक्षात आले की शब्द सुटे ओळखता येतात, पण वाक्याचा अर्थ लागत नाही. मग स्तरनिहाय तासातील शब्दपट्ट्यांचा वेळ कमी करून मुलांच्या स्वतःच्या अनुभवांवरची छोटी वाक्ये वाचण्यास वेळ वाढवायचे ठरते, आणि आराखड्यात तारखेसह नोंद होते: काय बदलले, का बदलले, कोणत्या मुलांसाठी. अशा नोंदींसाठी दोन पाने शेवटी कोरी ठेवावीत. वर्षाअखेर मूळ आराखड्यापेक्षा ही दोन पाने अधिक वाचनीय ठरतात, आणि पुढील वर्षीचा आराखडा त्यांतूनच तयार होतो.

निवडणूक आणि जनगणनेची कामे शिक्षकांना करावी लागतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने ती, तसेच आपत्ती निवारणाचे काम, अपवाद म्हणून ठेवले आहे. ज्या वर्षी निवडणुका अपेक्षित आहेत, त्या वर्षी चक्रातील एक टप्पा पुढे-मागे होणार, हे जूनमध्येच गृहीत धरावे. आणि या तीन कामांव्यतिरिक्त इतर अशैक्षणिक काम आले, तर गटशिक्षणाधिकाऱ्याने ते लेखी नाकारावे किंवा वरिष्ठांच्या निदर्शनास आणावे. आराखड्यातील ९० तास वाचवणे हे त्याच्या पदाचे काम आहे.

खरी नोंद करण्याची मुभा

वरील सर्व काही एका अटीवर उभे आहे. शिक्षकाने ‘माझ्या वर्गात सात मुले अजून अक्षरस्तरावर आहेत’ असे लिहिले आणि त्याच्या पदरी नोटीस आली, तर पुढच्या तपासणीत ती सात मुले कागदावर वाचू लागतील आणि वर्गात तशीच राहतील. त्यानंतर कितीही चांगला आराखडा केला तरी तो खोट्या पायावर असेल. म्हणून गटशिक्षणाधिकाऱ्याने जूनमध्येच लेखी स्वरूपात तीन गोष्टी जाहीर कराव्यात आणि वर्षभर पाळाव्यात: सहा आठवड्यांच्या नोंदींवरून शाळांची क्रमवारी लावली जाणार नाही, या नोंदी कोणत्याही कारवाईचा आधार होणार नाहीत, आणि कमी स्तर नोंदवणाऱ्या शाळेला विषयतज्ज्ञाची पहिली भेट मिळेल. व्हॉट्सॲपच्या गटांवर शाळानिहाय टक्केवारीचे तक्ते टाकण्याची प्रथाही थांबवावी. जबाबदारी नको असा याचा अर्थ नाही. मुलांना न शिकवणाऱ्या शिक्षकासाठी सेवा नियम आहेत आणि ते वापरावेत; फक्त ते काम या नोंदींच्या आड करू नये.

पालकांना मात्र खरी स्थिती कळली पाहिजे, आणि तीही त्यांच्या स्वतःच्या मुलाविषयी. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असे कायदा सांगतो. त्यांच्या बैठकीत टक्केवारी वाचण्यापेक्षा आईसमोर मुलाला परिच्छेद वाचायला सांगावा, तिला वाचता येत नसेल, तर मजकूर समजावून द्यावा आणि घरी रोज दहा मिनिटे मुलाचे वाचन ऐकण्याची विनंती करावी. ऐकण्यासाठी स्वतःला वाचता येणे आवश्यक नाही, हे सांगितल्यावर अनेक मातांचा संकोच जातो. हे सर्वांसमोर न करता एकेका कुटुंबाशी बोलून करावे. मुलाचा चारचौघांत कमीपणा होता कामा नये.

बदल्या आणि पुढील इयत्ता

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होत राहतात आणि एका उन्हाळ्यात केंद्राचे निम्मे चेहरे बदलू शकतात. आराखडा एखाद्या उत्साही केंद्रप्रमुखाच्या डोक्यात असेल, तर तो त्याच्याबरोबर निघून जातो. कार्यमुक्तीच्या आधी शिक्षकाने प्रत्येक मुलाचा आजचा स्तर, कोणता उपाय कोणाला लागू पडला आणि कोणाला पडला नाही, याची एक-दोन पानांची टिपणी द्यावी, आणि ती मिळाल्याशिवाय मुख्याध्यापकाने कार्यभार हस्तांतरण पूर्ण झाल्याचे मानू नये. नव्या शिक्षकाने जूनमध्ये ही टिपणी वाचून पहिल्या पंधरवड्यात त्या मुलांचे वाचन स्वतः ऐकावे.

अशीच गळती चौथीनंतर होते. जिल्हा परिषदेच्या पुष्कळ शाळा चौथीपर्यंतच आहेत, आणि मुले पाचवीसाठी जवळच्या गावातील माध्यमिक शाळेत जातात, जी बहुधा खासगी अनुदानित संस्थेची असते आणि केंद्राच्या शिक्षण परिषदेत तिचे शिक्षक क्वचितच येतात. त्या शाळेच्या पाचवीच्या वर्गशिक्षकाला एप्रिलमधील शेवटच्या परिषदेला आवर्जून बोलवावे, येणाऱ्या मुलांची स्तरांसह यादी त्याच्या हाती द्यावी, आणि स्थलांतरावरून नुकत्याच परतलेल्या मुलांच्या नावांपुढे तसे लिहावे, म्हणजे दाखला नेण्यासाठी ती जूनमध्ये आली नाहीत, तर त्यांना शोधण्यासाठी कोणी तरी त्यांच्या घरी जाईल.